प्रश्न तुमचे : ‘लक्ष’ कुठे ‘अटेन्शन’ होतं आणि कुठे होत नाही

या वेळचे सगळे प्रश्न एकाच इंग्रजी नामाबद्दलचे आहेत. एकेका शब्दाची जोडणी नीट लागली की त्यावरून इतर भाववाचक नामांकडे कसं बघायचं हेही कळतं, म्हणून ते एकत्र घेतले. इंग्रजी वाक्यं वाचकांनी पाठवली तशीच दिली आहेत.

प्रश्न : आठवीची मुलं ‘कीप अटेन्शन ऑन द मिल्क’, ‘टेक इट इन अटेन्शन’, ‘माय अटेन्शन वॉज नॉट देअर’ अशी वाक्यं लिहितात. काळ बरोबर, कर्ता-क्रियापद बरोबर. मग चूक नेमकी काय म्हणून सांगायची? नुसतं ‘असं म्हणत नाहीत’ एवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही. – शिक्षिका, सांगली

‘असं म्हणत नाहीत’ हे उत्तर खरं आहे, फक्त अपुरं आहे. प्रत्येक नामाची काही ठरलेली क्रियापदं असतात. मुलांना हे आधी मराठीतच दाखवा. आपण लक्ष ‘देतो’, पण दुर्लक्ष ‘करतो’. ‘लक्ष करतो’ किंवा ‘दुर्लक्ष देतो’ असं पहिलीतलं मूलही म्हणत नाही आणि त्याचं कारण आपण त्याला कधी शिकवलेलं नसतं. इंग्रजीत ‘अटेन्शन’ला ‘पे’ लागतं. स्पॅनिशमध्ये लक्ष ‘उसनं देतात’, जर्मनमध्ये ‘भेट देतात’, फ्रेंचमध्ये ‘करतात’. यातलं कुठलंच अर्थावरून शोधून काढता येत नाही. म्हणून नाम शिकवताना त्याचं क्रियापद सोबतच शिकवायचं आणि वहीत ‘अटेन्शन म्हणजे लक्ष’ असं लिहून न देता ‘पे अटेन्शन टु’ हा पूर्ण तुकडाच लिहून द्यायचा.

तुमच्या मुलांच्या चुका मात्र आणखी एका ठिकाणाहून येतात. मराठीतलं ‘लक्ष’ फार कामं करतं. त्यातल्या थोड्याच कामांना इंग्रजीत ‘अटेन्शन’ लागतं. आधी ही कामं वेगळी करायची, मग भाषांतर.

पहिला गट : लक्ष देणे, वेधणे, वळवणे, खेचून घेणे. इथे ‘लक्ष’ हे वाक्यातलं कर्म आहे आणि बहुतेक ठिकाणी ‘अटेन्शन’ चालतं. ‘पे अटेन्शन टु द बोर्ड’, ‘ड्रॉ अटेन्शन टु द मिस्टेक’, ‘टर्न युअर अटेन्शन टु द नेक्स्ट क्वेश्चन’. सगळीकडे ‘टु’ आहे हे मुलांकडून तीनदा म्हणून घ्या; ‘ऑन’ आणि ‘टुवर्ड्स’ आपल्या ‘वर’ आणि ‘कडे’मधून घुसतात. ‘ऑन’ येतं ते ‘फोकस’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट’बरोबर.

दुसरा गट सगळ्यात जास्त फसवतो : लक्ष ठेवणे, लक्ष घालणे, लक्ष लागणे. इथेही ‘लक्ष’ सुटं दिसतं, पण क्रियापद बदललं की इंग्रजी वाट बदलते. ‘दुधाकडे लक्ष ठेव’ म्हणजे ‘कीप अ‍ॅन आय ऑन द मिल्क’. शेजाऱ्यांना घराकडे लक्ष ठेवायला सांगतो तेही हेच. ‘साहेब, या प्रकरणात तुम्ही स्वतः लक्ष घाला’ म्हणजे ‘प्लीज लुक इन्टु द मॅटर पर्सनली’. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणजे ‘आय कान्ट कॉन्सन्ट्रेट ऑन माय स्टडीज’. आणि ‘सगळ्यांचं लक्ष निकालाकडे लागलंय’ यात एकाग्रतेचा प्रश्नच नाही, ती वाट पाहणं आहे : ‘एव्हरीवन इज वेटिंग फॉर द रिझल्ट’ किंवा ‘ऑल आइज आर ऑन द रिझल्ट’.

तिसरा गट ‘लक्षात’चा. ‘त’ दिसला की बहुतेक वेळा ‘अटेन्शन’ सोडून द्यायचं आणि साधं क्रियापद शोधायचं. लक्षात येणे – ‘रिअलाइज’ किंवा ‘नोटिस’. लक्षात ठेवणे – ‘रिमेंबर’, ‘कीप इन माइंड’. लक्षात राहणे – ‘रिमेंबर’च, पण कर्ता माणूस होतो : ‘मला त्याचं नाव लक्षात राहत नाही’, ‘आय कान्ट रिमेंबर हिज नेम’. लक्षात घेणे – ‘टेक इन्टु अकाउंट’ किंवा ‘कन्सिडर’. तुमच्या मुलाचं ‘टेक इट इन अटेन्शन’ इथून आलं.

उरतात दोन आडव्या जागा. ‘माझं लक्ष नव्हतं’ यात मराठीत क्रियापद नुसतं ‘असणे’ आहे, पण इंग्रजीत ‘पे’ परत आणावं लागतं : ‘आय वॉजन्ट पेइंग अटेन्शन’. आणि ‘माझं लक्ष त्या पाटीकडे गेलं’ यात लक्ष स्वतःहून चालत जातं, तसं इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत. ‘आय नोटिस्ड द साइन’ किंवा ‘द साइन कॉट माय आय’.

वर्गात बारा मराठी वाक्यं फळ्यावर लिहा, तिन्ही गटांतली मिसळून. पहिल्या फेरीत मुलांनी भाषांतर करायचं नाही, फक्त प्रत्येक वाक्याला १, २ किंवा ३ असा गट द्यायचा. दुसऱ्या फेरीत फक्त इंग्रजी क्रियापद. तिसऱ्या फेरीत पूर्ण वाक्य. पहिली फेरी गाळली की मुलं ‘लक्ष’ हा शब्द दिसताक्षणी ‘अटेन्शन’ लिहून मोकळी होतात आणि मग त्याला जोडायला हाताशी येईल ते क्रियापद घेतात. सगळी गडबड त्या एका क्षणात होते, म्हणून तो क्षण लांबवायचा.

प्रश्न : तक्रारीच्या पत्रात ‘ड्रॉ युअर अटेन्शन ऑन’, ‘ब्रिंग युअर अटेन्शन टु’, ‘ब्रिंग टु युअर काइंड अटेन्शन’ असं वेगवेगळ्या मार्गदर्शक पुस्तकांत दिलं आहे. परीक्षेत कोणतं लिहू? – दहावीचा विद्यार्थी, परभणी

दोन रचना आहेत आणि त्यांची दिशा उलटी आहे. पहिलीत तुम्ही अधिकाऱ्याचं लक्ष घेऊन गोष्टीपाशी नेता : ‘ड्रॉ युअर अटेन्शन टु द लीकिंग पाइप’. दुसरीत गोष्ट उचलून अधिकाऱ्यापाशी आणता : ‘ब्रिंग द लीकिंग पाइप टु युअर अटेन्शन’. मराठीतही हीच जोडी आहे. ‘गळक्या पाइपकडे आपलं लक्ष वेधतो’ आणि ‘गळका पाइप आपल्या लक्षात आणून देतो’. ‘वेधणे’ डोक्यात असेल तर ‘ड्रॉ’, ‘लक्षात आणून देणे’ असेल तर ‘ब्रिंग’. हा ‘लक्षात’वरच्या नियमाचा अपवाद आहे, आणि पत्रात तो हमखास लागतो.

‘ब्रिंग युअर अटेन्शन टु’ ही या दोन रचनांची सरमिसळ आहे. ‘ब्रिंग अटेन्शन टु अ प्रॉब्लेम’ असं वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं, पण तिथे लोकांचं लक्ष असा मोघम अर्थ असतो, समोरच्या एका माणसाला उद्देशून ते नसतं. पत्रात टाळा. ‘ड्रॉ’नंतर ‘ऑन’ सरळ चूक आहे. ‘टुवर्ड्स’ आपल्याकडे कानावर पडतं, पण ‘टु’ लिहिलंत की कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

‘काइंड’ची गोष्ट वेगळी. ‘काइंड अटेन्शन’ आणि ‘काइंड नोटिस’ ही भारतीय कार्यालयांतली रीत आहे. इथल्या पत्रात ती कुणाला खटकणार नाही, परदेशी पाठवायच्या पत्रात मात्र गाळा. विनय ‘आय वुड लाइक टु’मध्ये आलेलाच असतो.

पहिलं वाक्य असं ठेवा : ‘आय वुड लाइक टु ड्रॉ युअर अटेन्शन टु द लीकिंग वॉटर पाइप इन अवर लेन.’ दुसऱ्या वाक्यात कधीपासून, तिसऱ्यात त्यामुळे काय होतंय, चौथ्यात काय करून हवंय. शेवटी ‘वी रिक्वेस्ट युअर प्रॉम्प्ट अटेन्शन टु धिस मॅटर’ चालतं, पण त्याआधी ‘पाइप बदलून द्यावा’ हे स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं लक्ष मागून पत्र संपवलं तर मागणी काय आहे हेच कळत नाही. ‘ग्रॅब’ किंवा ‘कॅच युअर अटेन्शन’ पत्रात नको, ती बोलण्यातली आणि जाहिरातीतली भाषा आहे.

‘कॉल अटेन्शन टु’ हीसुद्धा ‘ड्रॉ’सारखीच रचना, आणि ती आपल्या कानावर वेगळ्या रूपात रोज पडते. विधानभवनातली ‘लक्षवेधी’ म्हणजे ‘कॉलिंग अटेन्शन’. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधण्याची ही पद्धत भारतीय संसदेतच जन्मली. लोकसभेच्या नियमांत ती १९५४ मध्ये आली आणि आज नियम १९७ खाली आहे. ‘लक्षवेधी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांनी नेमकं क्रियापद निवडलं. ‘ड्रॉ’ की ‘ब्रिंग’ असा घोटाळा झाला की ‘लक्षवेधी’ आठवा. ‘वेधणे’ला ‘कडे’ लागतं आणि इंग्रजीत ‘टु’च्या पुढे ती गोष्ट येते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत वाक्यातली चूक शोधायला देतात. ‘अटेन्शन’पुढे कोणतं विशेषण चालतं? ‘बिग’, ‘हाय’, ‘स्ट्राँग’, ‘डीप’ यांतलं काहीच का बरोबर धरत नाहीत? – परीक्षार्थी, पुणे

‘अटेन्शन’ हे न मोजता येणारं नाम आहे. त्याला आकार किंवा उंची देणारी विशेषणं बसत नाहीत. ते किती जवळून, किती अखंड दिलं यावर विशेषण ठरतं. आणि विशेषण क्रियापदाशीही जुळावं लागतं, हे बहुतेक याद्यांत सांगितलेलं नसतं. ‘पे’ असेल तर ‘क्लोज’, ‘केअरफुल’, ‘पर्टिक्युलर’, ‘स्पेशल’. ‘गिव्ह’ किंवा ‘हॅव’ असेल तर ‘फुल’ आणि ‘अनडिव्हायडेड’ : ‘यू हॅव माय अनडिव्हायडेड अटेन्शन’. तल्लीन होऊन ऐकणं असेल तर ‘रॅप्ट’, पण ते ‘विथ’बरोबर : ‘दे लिसन्ड विथ रॅप्ट अटेन्शन’. जवळजवळ नाहीच दिलं असेल तर ‘पे लिटल’ किंवा ‘पे स्कँट अटेन्शन’. तातडीच्या कामाला ‘इमिजिएट’, ‘अर्जंट’, ‘प्रॉम्प्ट’, आणि ही तिन्ही ‘नीड’ किंवा ‘रिक्वायर’बरोबर जास्त शोभतात.

प्रमाण सांगायचं तर होकारार्थी वाक्यात ‘अ लॉट ऑफ’ किंवा ‘अ ग्रेट डील ऑफ’, नकारार्थी आणि प्रश्नार्थक वाक्यात ‘मच’. ‘मेनी’ कधीच नाही.

चूक शोधताना चार जागा तपासा. ‘पे अ‍ॅन अटेन्शन’ – ‘अ‍ॅन’ नको. पण ‘द अटेन्शन इट डिझर्व्ह्‌ज’ किंवा ‘द अटेन्शन ऑफ द मिनिस्टर’मधलं ‘द’ बरोबर आहे, ते घाईत चूक समजून खोडू नका. ‘अटेन्शन्स’ – नको. हे अनेकवचन मुख्यतः कुणी मागे लागून सलगी करतं त्या अर्थी येतं, ‘अनवॉन्टेड अटेन्शन्स’. ‘पे अटेन्शन’च्या पुढे ‘ऑन’, ‘इन’ किंवा ‘फॉर’ – नको. आणि ‘पे अटेन्शन दॅट’ – नको. ‘दरवाजा बंद आहे याकडे लक्ष द्या’ याचं इंग्रजी ‘मेक शुअर दॅट द डोअर इज क्लोज्ड’. कर्मणी प्रयोगात ‘टु’ गळू देऊ नका : ‘नो अटेन्शन वॉज पेड टु हिज वॉर्निंग’.

‘पे फोकस’ आणि ‘पे कॉन्सन्ट्रेशन’ हल्ली शिकवणीवर्गांच्या फलकांवरही दिसतं. दोन्ही चूक. ‘पे’बरोबर ‘हीड’ येतं, ‘अ व्हिजिट’ येतं, ‘अ कॉम्प्लिमेंट’ येतं. ‘फोकस’ येत नाही. ‘नोटिस’ला ‘टेक’ लागतं : ‘टेक नोटिस ऑफ’. ‘गिव्ह नोटिस’ केलंत तर नोकरी किंवा भाड्याचं घर सोडत असल्याची सूचना दिलीत असा अर्थ होतो.

प्रश्न : औषधांच्या माहितीपत्रकांचं मराठी भाषांतर करते. ‘सीक इमिजिएट मेडिकल अटेन्शन’ला ‘तात्काळ वैद्यकीय लक्ष घ्या’ असं यंत्र सुचवतं. बदलते, पण दर वेळी वेगळं लिहिलं जातं. – अनुवादिका, नाशिक

बदलता ते योग्यच करता. ‘वैद्यकीय लक्ष’ असं मराठीत कुणी घेत नाही आणि मागतही नाही. ‘मेडिकल अटेन्शन’मध्ये तपासणीही आली आणि उपचारही, म्हणून एकच मराठी शब्द सगळीकडे पुरणार नाही. रुग्णाने स्वतः करायची कृती असेल (‘सीक’, ‘गेट’) तर ‘ताबडतोब डॉक्टरांना दाखवा’. कुणाला ‘मेडिकल अटेन्शन’ मिळाल्याचं वर्णन असेल (‘रिसीव्ह्‌ड’, ‘वॉज गिव्हन’) तर ‘उपचार करण्यात आले’. गरज सांगितली असेल (‘रिक्वायर्स’) तर ‘डॉक्टरांकडे नेणं आवश्यक आहे’. ‘प्रथमोपचार’ लिहू नका. माहितीपत्रकात हा फरक जिवावर बेतू शकतो, कारण वाचणारा घरीच पट्टी बांधून थांबेल. तीन वाक्यांची ही छोटी यादी स्वतःसाठी ठरवून ठेवलीत की एकाच पत्रकात चार तऱ्हा होणार नाहीत.

यंत्रांच्या माहितीपुस्तिकेतलं ‘द ब्रेक्स नीड अटेन्शन’ हेही असंच. तिथे ‘ब्रेक तपासून घ्या’, बिघाड दिसतच असेल तर ‘दुरुस्त करून घ्या’. ‘अटेन्शन टु डिटेल’ला ‘तपशिलाकडे लक्ष’ असं शब्दशः लिहिलं तर चुकत नाही, पण माणसाच्या कामाबद्दल असेल तर ‘काम चोख आहे’, ‘बारकाईने काम करतो’ हेच मराठी. आणि इंग्रजीत लिहिताना ‘डिटेल’ एकवचनीच ठेवायचं.

प्रश्न : महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करतो. जेवणाची सूचना देताना मी ‘प्लीज पे अटेन्शन’ म्हणालो की इथे वाढलेली मुलं हसतात. ‘कृपया लक्ष द्या’ तर किती साधं वाक्य आहे! – वाचक, न्यू जर्सी

मराठी वाक्य सौम्य आहे, इंग्रजी नाही, म्हणून ती हसतात. ‘पे अटेन्शन’ हे शिक्षक वर्गात म्हणतात, आणि त्यात ‘आतापर्यंत तुमचं लक्ष नव्हतं’ असा ठपका असतो. ‘प्लीज’ जोडल्याने तो पुसला जात नाही. मोठ्यांच्या सभेत लक्ष मागायचं असेल तर ‘हॅव’ : ‘मे आय हॅव युअर अटेन्शन, प्लीज?’ भारतात रेल्वे स्थानकावर इंग्रजी उद्घोषणा याच वाक्याने सुरू होते. थोडं घरगुती हवं असेल तर ‘कॅन आय हॅव एव्हरीवन्स अटेन्शन फॉर अ मिनिट?’. लेखी सूचनेच्या वर ‘लक्ष द्या’ असतं तिथे ‘प्लीज नोट’.

असाच फरक ‘लक्षात आलं’ म्हणताना होतो. ‘इट हॅज कम टु माय अटेन्शन दॅट’ हे कार्यालयातल्या वरिष्ठांचं वाक्य आहे. कुणीतरी तक्रार केली आहे आणि आता जाब विचारला जाणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मंडळाच्या सदस्यांना वर्गणीची आठवण करून द्यायला ते वापरू नका. ‘वी नोटिस्ड दॅट’ किंवा ‘अ क्विक रिमाइंडर’ पुरे.

प्रश्न : ‘स्टँड टु अटेन्शन’ की ‘स्टँड अ‍ॅट अटेन्शन’? – एन.सी.सी. छात्र, सातारा

ब्रिटिश रीत ‘टु’, अमेरिकन रीत ‘अ‍ॅट’. सावधान स्थितीत येण्याच्या क्रियेला दोन्हीकडे ‘कम टु अटेन्शन’. एका निबंधात एकच रीत ठेवा.

प्रश्न : एखादी जोडणी बरोबर आहे का हे स्वतः कसं तपासायचं? गुगलवर तर चुकीच्या जोडण्यांचेही हजारो निकाल दिसतात. – वाचक, मडगाव

निकालांचा आकडा बघूच नका. तो अंदाजे असतो आणि त्यात चुकीचं लिहिणारेही मोजलेले असतात. आधी शब्दजोड्यांचा कोश उघडा. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा असा कोश २००२ पासून आहे. त्यात क्रियापदाखाली नाही, नामाखाली बघायचं. ‘पे’ उघडलंत तर पैशांतच अडकाल, ‘अटेन्शन’ उघडलंत तर पुढची-मागची क्रियापदं, विशेषणं आणि शब्दयोगी एकत्र मिळतील.

कोशात नसेल तर भाषासंग्रहात, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेल्या-बोललेल्या वाक्यांच्या साठ्यात शोधा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या ‘कोका’ या संग्रहात १०० कोटींहून जास्त. दोन्ही जालावर नोंदणी करून वापरता येतात. पूर्ण वाक्य टाकू नका, दोन ते चार शब्दांचा तुकडा टाका, आणि क्रियापदाची सगळी रूपं तपासा : ‘पे’, ‘पेड’, ‘पेइंग’. मग निदान वीस ओळी वाचा. ‘गिव्ह अटेन्शन टु’ शोधलंत तर मिळेल, ते चूक नाही. पण ओळी वाचल्यावर दिसेल की ते बहुधा लेखी, अहवालाच्या भाषेत येतं आणि बोलताना लोक ‘पे’ म्हणतात. हे आकड्यावरून कधीच कळलं नसतं.

मिळालेलं उतरवताना एका नामाला एक पान द्या. मध्ये नाम, डावीकडे क्रियापदं, वर विशेषणं, उजवीकडे शब्दयोगी. पहिल्या दिवशी पाचच जोडण्या, प्रत्येकीला स्वतःचं एक वाक्य. चाळीस जोडण्यांची आयती यादी पाठ केली की बोलण्यातलं ‘ग्रॅब’ अर्जात जातं आणि ‘मेरिट अटेन्शन’ (लक्ष देण्याजोगं असणे) हे लेखी वळणाचं गप्पांत.

प्रश्न : ‘दुर्लक्ष करणे’ला प्रत्येक वेळी ‘इग्नोर’ चालेल का? – वाचक, नागपूर

नाही. माहीत असून बघितलं नाही तर ‘इग्नोर’. जी जबाबदारी होती ती पार पाडली नाही तर ‘निग्लेक्ट’ : तब्येतीकडे, मुलांकडे, डागडुजीकडे झालेलं दुर्लक्ष. नजरेतून निसटलं तर ‘ओव्हरलुक’. पण ‘ओव्हरलुक’ जपून वापरा. त्याचा दुसरा अर्थ चूक पोटात घालणे असा आहे, आणि खोलीची खिडकी समुद्रावर उघडत असेल तर तिथेही हेच क्रियापद येतं. कुणाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायला सांगायचं असेल, ‘तो काही बोलेल, तू मनावर घेऊ नकोस’ अशा अर्थी, तर मात्र आपलं नाम परत येतं : ‘डोन्ट पे एनी अटेन्शन टु हिम’.